देवाच्या खर्चाने

विश्वस्त स्वतःसाठी काहीही करीत नसतो. तो जे करतो ते केवळ संस्थेच्या हितासाठी.

हे वाक्य मी कमीत कमी चाळीस वेळा टाइप केलं आहे. ऐंशीच्या दशकात मी पालघरला एका वकिलांच्या ऑफिसात टंकलेखक होतो. आमच्या अशिलाच्या प्रत्येक अर्जात ते दुसऱ्या परिच्छेदात यायचं. विरुद्ध पक्षाच्या अर्जातही ते दुसऱ्याच परिच्छेदात असायचं, कारण त्यांचा टंकलेखक पूर्वी आमच्याकडेच कामाला होता.

दावा माझ्याच गावचा होता. दांडीच्या पुढे, समुद्राला चिकटून असलेलं मच्छीमारांचं गाव. गावात एक देऊळ, देवळाचा एक ट्रस्ट, आणि ट्रस्टच्या मालकीची देवळामागची मोकळी जागा. देवळात वर्षातून दोनदा गर्दी व्हायची. त्या जागेवर मात्र पावसाळा सोडला तर रोज. बांबूंच्या लांबच लांब वलांड्या उभ्या करून बायका तिथे बोंबील अडकवायच्या. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत गुंतवायचे आणि ती जोडी काठीवर टाकायची. अशा हजारो जोड्या वाऱ्यावर हलत असायच्या. माझी आत्या वयाच्या बाराव्या वर्षापासून तिथे बसत आली होती. गावात सुकवायला दुसरी जागा नव्हती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मागून बोईसरचे कारखाने दरवर्षी थोडे थोडे पुढे येत होते. पूर्वेचा वारा सुटला की त्यांचा वास आधी यायचा आणि मग डोळे चुरचुरायचे. त्या दिवशी बायका वलांड्यांवर ताडपत्री टाकून घरी जायच्या.

ट्रस्टला उत्पन्न एकच. होडी किनाऱ्याला लागली की मासळीतून आधी डिझेलचा आणि बर्फाचा खर्च निघायचा, मग वाटे पडायचे, आणि त्यात एक वाटा देवाचा असायचा. खर्च आधी, वाटे नंतर, ही तिथली रीत. खर्च कोणा एकाच्या अंगावर पडत नाही, तो ढिगातून जातो. आमच्याकडे मूल पहिल्यांदा गणित शिकतं ते असं. पुढे जे झालं त्याचं मूळ या गणितात आहे, दुष्टपणात नाही. दुष्टपणा असता तर आम्हाला लवकर कळलं असतं.

ट्रस्टचे जुने अध्यक्ष वारले. तेराव्याच्या आतच गावात एका दिवशी दोन सभा झाल्या, एक देवळात आणि एक जाळी विणायच्या शेडमध्ये. दोन्ही सभांनी एकमताने अध्यक्ष निवडला. देवळातल्या सभेने निवडलेले अध्यक्ष म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. शेडमधल्या सभेने निवडलेले त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. आठवड्याच्या आत दोघांनी पालघरच्या एकाच दुकानातून 'अध्यक्ष' असा रबरी शिक्का करून आणला. दुकानदाराने दुसऱ्याला दोन रुपये सूट दिली, कारण मजकूर तयारच होता.

आतोबा माणूस वाईट नव्हता. उत्तम तांडेल होता; खवळलेल्या पाण्यातून होडी बाहेर काढावी तर त्यानेच. पण शिक्का मिळाल्यापासून तो बदलला. गावजेवणाच्या आमंत्रणावर शिक्का, शाळेच्या वर्गणीच्या पावतीवर शिक्का. एकदा आत्याने वाण्याकडे पाठवलेल्या यादीवरही मला तो दिसला. "चुकून लागला," आतोबा म्हणाला. यादीवर तारीख आणि सहीसुद्धा होती.

आतोबाला आमच्या वकीलसाहेबांकडे मीच घेऊन आलो. त्याबद्दल पुढे अनेक वर्षं मला बोलणी खावी लागली, आणि ती योग्य होती.

पहिल्याच भेटीत साहेबांनी विचारलं, "खर्चाचं काय?"

"देव देईल," आतोबा म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं माणूस भाविक आहे. मग आतोबाने खिशातून ठरावाची प्रत काढली. दाव्याचा सर्व खर्च देवस्थानाच्या निधीतून करावा, सर्वानुमते मंजूर, खाली शिक्का. महिन्याभराने कळलं की शेडमधल्या सभेनेही हाच ठराव केला आहे. म्हणजे देव वादी होता, देवच प्रतिवादी होता आणि दोन्हीकडच्या वकिलांची फीही तोच भरणार होता. दोन्ही पक्षांना यात गैर काही दिसलं नाही. होडी पाण्यात आहे, डिझेल ढिगातून जाणार.

मला मात्र काहीतरी टोचत होतं. एका दुपारी टायपिंग आटोपल्यावर मी साहेबांना विचारलं, "शेवटी हा खर्च कोर्ट कोणावर टाकतं?"

साहेबांना शिकवायची हौस होती आणि ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. "साध्या दाव्यात सोपं असतं," ते म्हणाले. "हरला त्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. तसा कोर्टाला अधिकार आहे, सक्ती नाही. पण ट्रस्टच्या दाव्यात दोघांच्या मध्ये तिसरा बसलेला असतो, खुद्द ट्रस्ट. त्याचा खिसा उघडा असतो. विश्वस्त प्रामाणिकपणे, ट्रस्टच्या भल्यासाठी कोर्टात आला असेल, तर तो हरला तरी त्याचा वाजवी खर्च ट्रस्टच्या पैशातून देता येतो. त्याने पदरमोड का करावी?"

"आणि ट्रस्टच्या भल्यासाठी आला नसेल तर?"

"मग स्वतःच्या खिशातून. तो भांडला ट्रस्टसाठी की खुर्चीसाठी, एवढंच न्यायाधीश बघतो. आणि कोणाचंच पटलं नाही तर ज्याचा खर्च त्याने सोसावा, असा हुकूम करून जेवायला जातो."

"आपले अशील कशासाठी भांडतायत?"

"दुसरा परिच्छेद वाच," साहेब म्हणाले आणि चहा मागवला.

दावा ठाण्याला जिल्हा न्यायालयात गेला आणि तिथे मुरला. तारखा पडत गेल्या. साहेबांच्या फाइली घेऊन मी जायचो आणि दर वेळी कोर्टाच्या मागच्या बाकावर एक गृहस्थ बसलेले दिसायचे. पांढरा सफारी, कपाळाला बारीक गंध, मांडीवर घडी घातलेला रुमाल. बोईसरला त्यांचा जमिनींची दलाली करण्याचा व्यवसाय होता. कारखान्यांना रसायनांची पिंपं ठेवायला जागा लागायच्या आणि हे त्या मिळवून द्यायचे. आमच्या दाव्यात ते वादी नव्हते, प्रतिवादी नव्हते, साक्षीदारही नव्हते.

एकदा मी विचारलंच, "शेठ, तुमचा काय संबंध?"

"काहीच नाही," ते मनापासून म्हणाले. "ऐकायला येतो. मला कायद्याची आवड आहे."

परतताना ते आपल्या जीपमधून दोन्ही अध्यक्षांना गावापर्यंत सोडायचे. वाटेत मनोरला चहा पाजायचे. दोघांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवायचे आणि स्वतः थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे बसायचे. घाई कसलीच नव्हती. इतकी सबुरी असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि तिची भीती वाटायची.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी जागेच्या चार कोपऱ्यांवर चुन्याने रंगवलेले चार दगड दिसले. कोणी ठेवले ते कोणाला माहीत नव्हतं. देवळातल्या पक्षाला वाटलं शेडवाल्यांनी ठेवले. शेडवाल्यांना वाटलं देवळातल्यांनी. दोघांनी एकमेकांविरुद्ध अर्ज केले. ते दगड कशासाठी आहेत, असं एकाही अर्जात कोणी विचारलं नव्हतं. बायकांनी आठवडाभर त्यांच्याकडे वळून वळून पाहिलं. मग एकीने त्यातल्या एकावर ओलं लुगडं वाळत घातलं आणि सगळ्यांनी नजर काढून घेतली. दगड मात्र तिथेच राहिले.

देवाचा वाटा दाव्यात जात होता. आधी उत्सवातला बँड बंद झाला, मग मांडव, मग देवळाच्या कौलांची डागडुजी. पाचव्या वर्षी गाभाऱ्यात पाणी टपकू लागलं, तेव्हा दोन्ही अध्यक्षांनी स्वतंत्रपणे कोर्टाला कळवलं की विरुद्ध पक्षाच्या हट्टामुळे देवाची हेळसांड होत आहे. निधी संपला होता. दोन्ही वकिलांची फी थकली होती. साहेब आतोबाला पाहिलं की घड्याळाकडे बघू लागले.

आणि मग दोघं अध्यक्ष एक झाले.

गावाला आनंद झाला. दोन मित्र सहा वर्षांनी एकमेकांच्या घरी चहा प्यायले. शेठजींनी पेढे वाटले. मीसुद्धा एक खाल्ला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पुरसीस टाइप करायला दिली, म्हणजे दोन्ही पक्ष मिळून कोर्टापुढे ठेवतात तो तडजोडीचा कागद. एक अध्यक्ष, दुसरा कार्याध्यक्ष. दोन्ही शिक्के चालू. चौथ्या कलमापर्यंत मी सवयीने बोटं चालवत गेलो. पाचवं कलम टाइप करून झालं आणि मग मी ते वाचलं.

उभय पक्षांचा आजपावेतोचा संपूर्ण खर्च ट्रस्टच्या मिळकतीतून भागवावा. निधी शिल्लक नसल्याने देवळामागील जागा विकण्यास उभय पक्षांची संमती असून त्यासाठी रीतसर परवानगी मागण्यात येईल.

दुपारची वेळ होती. बाहेर कोणीतरी स्टूल ओढत होतं. सहा वर्षं भांडण चालू होतं तोवर ती जागा सुरक्षित होती, कारण विकायला दोघांच्या सह्या लागल्या असत्या, आणि त्या एका कागदावर येणं अशक्य होतं. आता त्या एका कागदावर येणार होत्या. मागच्या बाकावरचे गृहस्थ इतकी वर्षं काय ऐकत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

ऑफिसातला कागद बाहेर सांगायचा नसतो. शनिवारी मी गावाला गेलो आणि सांगितला.

आत्या वलांडीपाशी बसून बोंबील अडकवत होती. मी पाचवं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मंजे देव यांच्या वकिलाची फी देनार, आनि त्यासाठी माज्या बुडाखालची जागा विकनार?"

"हो."

"आनि तुजा आतोबा सही करनार?"

"केली आहे. शिक्कासुद्धा."

"तो तर मारीलच. त्याचा हात शिवशिवत असतो." तिने एक जोडी काठीवर टाकली. "हे थांबतं का?"

मी साहेबांकडून जे ऐकलं होतं ते सांगितलं. सार्वजनिक ट्रस्टच्या बाबतीत दोघांनी तडजोड केली म्हणून कोर्ट डोळे मिटून सही करत नाही. ट्रस्टचं हित बघावं लागतं. ज्यांच्यासाठी ट्रस्ट आहे त्यांच्यापैकी कोणी उभं राहिलं, तर त्याचं ऐकून घेतात. आणि कोर्टाला वाटलं की हे भांडण खुर्चीचं होतं, तर खर्च दोघांच्या खिशातून जाईल. ट्रस्टमधून उचललेले पैसेही परत भरावे लागतील.

"आतोबाच्या खिशात एवढे नाहीत," मी म्हणालो. "होडी जाईल, आत्या. नीट विचार कर."

"होडी गेली तर तो दुसऱ्याच्या होडीवर जाईल. हात-पाय धड हायत. जागा गेली तर मी बोंबील काय तुज्या टायपिंगवर सुकवू?"

शेजारच्या वलांडीवरची बाई हसली. आत्या हसली नाही. समोरच्या चुन्याच्या दगडाकडे बघत ती बराच वेळ काम करत राहिली. मग म्हणाली, "त्याला सांगू नको. जेवनार नाय."

तारखेच्या दिवशी मासळी नेणारा टेम्पो बर्फाच्या पेट्या न घेता ठाण्याला निघाला. मागे सतरा बायका होत्या. टेम्पो धुतला होता, पण त्याचा उपयोग झाला नव्हता. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या येऊन उभ्या राहिल्या तशी काळ्या कोटांची गर्दी आपोआप दोन्हीकडे सरकली. इतक्या अदबीने वाट दिलेली मी तिथे एरवी एखाद्या न्यायाधीशालाच पाहिली आहे.

आतोबाने आत्याला पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीत तोंड घातलं.

आमचं प्रकरण पुकारलं गेलं. न्यायाधीश नवीन होते, कोरडे, सर्दीने बेजार. त्यांनी पुरसीस वाचली, पाचव्या कलमापाशी थांबले आणि पुन्हा वाचली.

"ही जागा कशासाठी वापरली जाते?"

"पडीक आहे, महाराज," विरुद्ध पक्षाचे वकील म्हणाले.

"पडीक?" मागून आत्याचा आवाज आला. "मग माजं कंबरडं कशानं मोडलं?"

पट्टेवाला धावला. न्यायाधीशांनी हाताने त्याला थांबवलं. "तुम्ही कोण?"

"या अध्यक्षाची बायको."

कोर्टात हशा झाला. न्यायाधीशांनी रुमालाने नाक पुसलं आणि तिला पुढे यायला सांगितलं. आमचे साहेब उठून म्हणाले की या बाईंचा दाव्याशी संबंध नाही. "ट्रस्ट कोणासाठी आहे मग?" न्यायाधीशांनी विचारलं. साहेब बसले. त्यांनीच मला हे शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"तुमचं म्हणणं काय आहे, बाई?"

आत्याने पदर खोचला. "साहेब, आमची रीत सांगते. होडी मासळीला जाते, तवा डिझेल ढिगातून जातं. मासळी मिळो नायतर ना मिळो. त्यात तांडेलाचा दोष नाय, तो सगल्यांसाठीच गेला."

"बरोबर."

"पन तांडेल होडी घेऊन सोयरीक बघाया गेला, तर डिझेल कोनाचं?"

न्यायाधीशांनी थोडा विचार केला. "त्याचं."

"तेच. हे दोघं सहा वर्सं सोयरीक बघतायत." तिने आतोबाकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "देवाला एक दिवस इचारलं नाय. आता सोयरीक जमली. चांगली गोष्ट हाय. पन डिझेल यांनी घालावं."

आतोबा खाली बघत होता. त्याचा मित्र वर पंख्याकडे बघत होता. मागच्या बाकावर शेठजींनी मांडीवरचा रुमाल उचलला, नीट घडी केली आणि खिशात ठेवला.

"तुमचे यजमान भरतील का एवढे?" न्यायाधीशांनी विचारलं. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, आणि म्हणूनच मला धास्ती वाटली. "विचार करून सांगा. घर तुमचंही आहे."

आत्याने खोचलेला पदर सोडला आणि पुन्हा घट्ट खोचला.

"होडी हाय," ती म्हणाली.

निकाल दोन महिन्यांनी लागला. मी त्याची नक्कल काढून आणली. एक्केचाळीस पानं होती. दोन्ही सभा बेकायदेशीर; सगळ्या गावाची एकच सभा घेऊन नव्याने विश्वस्त नेमावेत; पुरसीस नामंजूर. खर्चाची बाब अगदी शेवटच्या पानावर. विश्वस्ताने संस्थेच्या हितासाठी वाजवी रीतीने केलेला खर्च संस्थेच्या निधीतून मिळू शकतो, तथापि प्रस्तुत वाद हा पदासाठीचा व्यक्तिगत वाद असल्याने उभय पक्षांनी आपापला खर्च व्यक्तिशः सोसावा आणि निधीतून उचललेल्या रकमा सहा महिन्यांत परत कराव्यात. होडी, डिझेल आणि सोयरीक यांचा उल्लेख कुठेही नव्हता. 'एका लाभार्थी महिलेचे म्हणणे विचारात घेतले' एवढंच.

मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिने दोनदा विचारलं, "जागा राहिली ना?" मी दोनदा हो म्हणालो. मग ती आत गेली आणि आतोबाशी बोलली. काय ते मला माहीत नाही. भिंत कुडाची होती, तरी ऐकू आलं नाही.

होडी वाणगावच्या बाजूच्या एका माणसाने घेतली. ज्या दिवशी ती किनाऱ्यावरून गेली त्या दिवशी आतोबा घरातून बाहेर आला नाही. त्याच्या मित्राने बायकोचे दागिने मोडले. ती पुढे तीन वर्षं माझ्या आत्याशी बोलली नाही, आणि शेजारच्याच वलांडीवर बसायची. शेठजींनी केळव्याच्या बाजूला दुसरी जागा पाहिली, असं ऐकलं. तिथेही एका संस्थेत दोन पक्ष होते म्हणे. आमच्या वकीलसाहेबांची थकलेली फी आतोबाने स्वतः आणून दिली आणि पावती मागितली. साहेबांनी पावतीवर ऑफिसचा शिक्का मारला. आतोबा त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

नव्या सभेने पाच विश्वस्त नेमले. आतोबाला कोणी विचारलं नाही. तो दोन हंगाम दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला. मग गुडघे दुखू लागले आणि त्या मार्गशीर्षापासून तो देवळामागच्या जागेवर बोंबील अडकवायला येऊ लागला. बायकांमध्ये एकटा पुरुष. पहिल्या दिवशी त्याने आत्याला विचारलं की कुठे बसू. नव्याने येणाऱ्याला शेवटची, गटाराच्या बाजूची वलांडी मिळते. त्यालाही तीच मिळाली.